पदरातली सुकडी

“आई मनात कशी बसलीय, हे तू मापणार? कशानं मापणार, पोरी?”

मामांनी आगटीतलं कणीस काठीनं उलटं केलं. प्रश्न मला होता, नजर विस्तवावर.

माघी चतुर्थी चार दिवसांवर आली होती. चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी मोरगावला यायची, म्हणून गावात लगबग होती. आम्ही मात्र रानात, कऱ्हा नदीच्या अलीकडच्या शाळूच्या तुकड्यात, हंगामातला शेवटचा हुरडा भाजत बसलो होतो. मोरगाव माझं आजोळ. मामा बारामती तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर छत्तीस वर्षं मास्तर होते. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. समोर बसलेल्या माणसाच्या मनात त्याची जवळची माणसं कोणत्या रूपात नांदतात हे समजून घेणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग. मामांना हे काम पटत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी ते स्पष्ट सांगितलं आणि मीही माघार घेतली नाही.

सुरुवात मी पुस्तकी केली. जॉन बोल्बी हे इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ. आईपासून तुटलेल्या मुलांचं दुःख त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९६९ पासून तीन खंडांत मांडलं. तान्ह्या मुलाला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. मी रडलो तर कोणी येतं का? आणि कोणी धावून यावं, असा मी आहे का? पहिल्या काही वर्षांत या प्रश्नांची जी उत्तरं मिळतात ती मनात घट्ट होतात. पुढे नवरा, बायको, मित्र, साहेब, कोणाशीही गाठ पडली की माणूस ती जुनी उत्तरं घेऊनच उभा राहतो. बोल्बींनी त्याला मनातलं चालतं प्रारूप म्हटलं.

“प्रारूप कशाला? वहिवाट म्हण,” मामा म्हणाले.

हा शब्द मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

“बांधावरनं एकदा पायवाट पडली की पडली. पुढं डांबरी रस्ता दुसरीकडनं झाला तरी म्हातारा माणूस त्याच वाटेनं जातो. का जातो, त्याला विचारलं तर सांगता येत नाही. पण पोरी, वहिवाट सातबाऱ्यावर नसते. तिच्यावरनं भांडण झालं की तहसीलदाराला जागेवर यावं लागतं. तो पावलं बघतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. तू तर खोलीत बसून कागद भरून घेतेस.”

कागद भरून घेतात हे खरं. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकन संशोधकांनी एका वर्तमानपत्रात तीन छोटे परिच्छेद छापले आणि वाचकांना विचारलं, प्रेमाच्या नात्यात तुम्ही यांपैकी कसे? त्यातून पुढे लांबलचक प्रश्नावल्या आल्या. १९९८ ची एक प्रश्नावली आजही जगभर वापरतात. तिच्यात छत्तीस वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्य किती पटतं ते एक ते सात आकड्यांत सांगायचं. आपल्याला सोडून जातील ही धास्ती किती, आणि जवळीक नकोशी वाटणं किती, अशी दोन मापं त्यातून निघतात. कागद स्वस्त, वेळ थोडा, हजार माणसांना एकदम देता येतो.

मामी जवळच बसून भाजलेली कणसं हातावर चोळत होत्या. मी त्यांना अशाच धर्तीचा एक प्रश्न विचारला. “मामी, जवळच्या माणसावर अवलंबून राहायला तुम्हाला बरं वाटतं का?”

“अवलंबून? देवानं हातपाय दिल्यात की मला. म्या न्हाई कुणावर अवलंबून.”

“बरं. मामांचा आधार वाटतो का?”

“मग! आधार न्हाई तर काय!”

मामा बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. इंग्रजीतल्या एका शब्दाच्या जागी ‘अवलंबून’ ठेवला तर मामी जवळीक टाळणाऱ्या ठरतात. ‘आधार’ ठेवला तर त्याच मामी, त्याच जागी बसून, भरवशाच्या नात्यातल्या ठरतात. आपल्याकडे अवलंबून राहणं ही लाचारी आहे आणि आधार असणं हे भाग्य. एक ते सात या आकड्यांचंही तसंच. गावाकडं माणूस ‘हाय’ म्हणतो, ‘न्हाई’ म्हणतो, किंवा ‘तसं म्हटलं तर हाय’ म्हणतो. ‘काहीसा सहमत’ असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मी मामांना आणखी एक गोष्ट सांगितली. मनातली नाती तपासायची दुसरी रीत आहे, तासाभराच्या मुलाखतीची. कॅरल जॉर्ज, नॅन्सी कॅप्लन आणि मेरी मेन यांनी ती १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत घडवली. आता एकाच माणसाची प्रश्नावली भरून घ्या आणि त्याचीच मुलाखत घ्या. दोन्हींचे निष्कर्ष जुळायला हवेत की नाही? २००७ मध्ये ग्लेन रॉइझमन आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पूर्ण जुळलं तर १, मुळीच नाही तर शून्य, अशा हिशोबात उत्तर आलं ०.०९. म्हणजे जवळजवळ जुळतच नाही.

“म्हणजे एक काटा खोटा.”

“दोन्ही खरे, मामा. प्रश्नावली सांगते की आज मी नात्यांत कसा आहे असं मला वाटतं. मुलाखत सांगते की लहानपणाबद्दल बोलताना माझं बोलणं एकसंध राहतं की फाटतं. मोजायच्या वस्तूच वेगळ्या.”

“एका दुकानात दोन काटे, दोन वजनं, आणि दुकानदार म्हणतो दोन्ही बरोबर. गिऱ्हाइकानं काय समजायचं?”

याला माझ्यापाशी चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. आमच्या शास्त्राने दोन्ही मापांना एकच नाव देऊन ठेवलं, ही चूक आहे असं माझं मत झालंय. पण दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी मुलाखत निवडते, आणि त्याचं कारण मला त्या दिवशी मामांनीच दिलं.

मी म्हणाले, मुलाखतीत विचारतात की लहानपणीचं आईशी असलेलं नातं सांगणारे पाच शब्द द्या. माणूस पाच शब्द देतो. मग एकेक शब्द घेऊन विचारतात, या शब्दाला साजेसा एखादा प्रसंग आठवतो का?

मामा कणीस हातात धरून थांबले. “हे मला कळतं,” ते म्हणाले. “छत्तीस वर्षं मी ‘माझी आई’ निबंध तपासले. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस आया प्रेमळ, कष्टाळू, सुगरण. सगळ्यांना माझी आई खूप आवडते. चार वह्या वाचल्या की पाचवी न वाचता कळायची. एका वर्षी एका पोरानं लिहिलं की माझी आई कांदे निवडताना आपल्याशीच बोलती आणि मी जवळ गेलो की गप होती. तेवढी एकच ओळ खरी. त्या पोराला मी शुद्धलेखनाचे मार्क कापून सुद्धा सगळ्यांत जास्त दिले.”

मुलाखतीचं शास्त्र याच ओळीवर उभं आहे. मुलाखतीतला शब्द न् शब्द, थांबणं, अडखळणं, सगळं उतरवून घेतात. मग पाहतात: म्हटलेल्याला पुरावा आहे का, बोलणं बेताचं आहे का, विचारलं त्याचंच उत्तर आहे का, ऐकणाऱ्याला समजतं का. भाषातत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी चांगल्या संभाषणाची म्हणून जी तत्त्वं १९७५ मध्ये सांगितली, तीच इथे कामाला येतात. बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यावर गुण नाहीत. ‘आई अगदी देवमाणूस’ म्हणून पुढे एकही प्रसंग न आठवणारा एक. चाळीस वर्षांपूर्वीच्या रागात आज सकाळी भांडण झाल्यासारखा वाहून जाणारा दुसरा. आणि बरंवाईट दोन्ही सांगून स्वतःच्या पायावर उभा राहणारा तिसरा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकाची घडण रात्रींची आहे, एकेका रात्री एकेक आठवण. आई थोर होती एवढंच सांगून गुरुजी थांबले असते तर ते पुस्तक दोन पानांत संपलं असतं. पुढे त्यावर १९५३ मध्ये सिनेमा काढला तो आचार्य अत्र्यांनी, याच कऱ्हेकाठच्या सासवडच्या माणसानं. मामांना याचा अभिमान आहे, म्हणून त्यांनी हे मला दोनदा ऐकवलं.

“मग विचार मला,” मामा म्हणाले.

घरच्या माणसाची तपासणी आम्ही करत नाही. नियमात बसत नाही आणि बसू नये. शिवाय त्या मुलाखतीचं मूल्यमापन शिकायलाच महिनोन्महिने जातात. तर ही मुलाखत नव्हे, दोघांतलं बोलणं, असं मी बजावलं. मामांनी मान हलवली.

“पाच शब्द. आजीबद्दल.”

“कडक.” लगेच आला. “कामसू. गप्प.” मग वेळ गेला. “मानी.” आणि पुढे काही नाही. विस्तव फुंकला, एक गोवरी सारली, तरी पाचवा शब्द येईना.

“कडक. एखादा प्रसंग?”

“बहात्तरचा दुष्काळ. मी नऊ वर्षांचा. आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या टाकायला जायची. कामावर खायला सुकडी मिळायची. ती पदराच्या शेवाला गाठ मारून घरी आणायची. दिवसभराच्या घामानं पदर ओला, सुकडीचा गोळा झालेला. गाठ सुटायची नाही, मग दातानं सोडायची. मी अधाशासारखा खायला बसायचो. एकदा माझ्या हातनं सांडली, मातीत. तिनं पाठीत असा धपाटा घातला की मी कोलमडलो. मग ती खाली बसली आणि मातीतली सुकडी एकेक कण वेचून परातीत टाकत बसली. फुंकून फुंकून. बोलली एक शब्द नाही. अशी कडक.”

कणीस करपायला लागलं होतं. मामींनी ते हातातून काढून घेतलं.

बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, “तिनं स्वतः खाल्ली होती का ती, कामावर? मी कधी विचारलंच नाही.”

त्यांनी ‘कडक’ शब्दासाठी दिलेला प्रसंग होता हा. आमच्याकडे बहुतेकदा उलटं होतं. ‘प्रेमळ’ म्हणतात आणि प्रसंग मागितला की पोतं रिकामं निघतं. मामांचं पोतं भरलेलं होतं आणि त्यावरची चिठ्ठी चुकीची होती. मी म्हटलं, “पाचवा शब्द?” ते म्हणाले, “त्याला शब्द नाही. सुकडी लिही.” मी डायरीत तसंच लिहिलं.

माझ्या आठवणीतली आजी निराळी आहे. ती माझ्या भाकरीवर साय पसरून वर साखर भुरभुरायची. दुपारी माझं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत बसायची, तिला कसली घाई नसायची. मी हे मामांना सांगितलं. “ती तुझी आजी झाली तोवर विहिरीला पाणी आलं होतं,” ते म्हणाले. बाई एकच. मामांच्या मनात एक, माझ्या मनात दुसरी, आणि दोन्ही आज तिच्या माघारी आमच्या वागण्यात जिवंत. म्हणूनच मी म्हणते की मनातली आई खऱ्या आईइतकीच तपासण्यासारखी असते.

पण मामांचा आक्षेप संपला नव्हता. उलट आता तो धारदार झाला.

“समजा, मी तुझ्या दवाखान्यात आलो असतो. चार शब्द दिले, ‘माया’ हा शब्द काढलाच नाही. तुझ्या कागदावर काय लागलं असतं? मन मेलेला? नाती टाळणारा? आमच्या पिढीत माया तोंडानं बोलायची पद्धत नाही. आणि तो शिक्का गावात किती दिवस टिकतो, ठाऊक आहे? शाळेत एखाद्या पोराला ‘ढ’ म्हटलं तर तो बाप झाला तरी ढ राहतो.”

मी लंडनचा अभ्यास सांगितला. १९९१ मध्ये पीटर फोनॅगी, मिरियम स्टील आणि हॉवर्ड स्टील यांनी पहिल्या खेपेच्या गरोदर बायकांची हीच मुलाखत घेतली. पोटातल्या मुलाला अजून कोणी पाहिलेलं नाही. बाळ वर्षाचं झाल्यावर ते आईला किती विश्वासानं बिलगतं हे मेरी एन्सवर्थ यांच्या पद्धतीनं वेगळं पाहिलं. शंभरातल्या जवळपास ७५ जोड्यांत मुलाखतीवरचा अंदाज खरा ठरला. स्वतःच्या आईबद्दल बाई जशी बोलते, त्यावरून न जन्मलेल्या मुलाचं तिच्याशी नातं ओळखता येतं! हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

“आणि पंचवीस?” मास्तर म्हणाले. “माझ्या चाळीसच्या वर्गात दहा पोरं. दहा पोरांच्या प्रगतिपुस्तकावर मी खोटं लिहायचं?”

इथे मी हरले, आणि हरल्याचं मला समाधान आहे. ७५ हा आकडा सिद्धांतासाठी भक्कम आहे. एका माणसाच्या कपाळावर लिहायला तो पुरत नाही. त्या मुलाखतीचा उपयोग वैद्याने नाडीसारखा करावा, न्यायाधीशाने निकालासारखा करू नये. आणि वहिवाट बदलते, हेही मी सांगितलं. बालपण होरपळलेलं असूनही ते शांतपणे, सरळ सांगू शकणारी माणसं असतात. आमच्या शास्त्रात त्यांना भरवसा कमावलेली म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेत केनेथ लेव्ही आणि सहकाऱ्यांनी गंभीर व्यक्तिमत्त्वविकार असलेल्या रुग्णांची उपचारांआधी आणि वर्षभरानंतर हीच मुलाखत घेतली. तुलनेच्या तीन उपचारांपैकी एकात भरवशाच्या गटात जाणाऱ्यांची संख्या वाढली. एकातच वाढली, पण वाढली. मामांनी हे ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाले नाहीत.

त्यांनी दुसरंच काढलं. “तुझ्या प्रश्नांत आई आणि बाप. मला वाढवलं कोणी? आई उजाडायला कामावर जायची, दिवस बुडाल्यावर यायची. मला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, ताप आला तर उशाशी बसली ती थोरली बहीण. तुझी आई. तिची शाळा चौथीत सुटली ती त्याच वर्षी.”

हे मला माहीत नव्हतं. माझी आई शिकली नाही एवढंच माहीत होतं.

आईबापांखेरीज त्यांच्यासारखंच जवळचं कोणी होतं का, हेही मुलाखतीत विचारतात; पण तो प्रश्न मागाहून येतो, जोडपत्रासारखा. आपल्या भाषेत मात्र ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण कधीपासून आहे. मोरगावच्या देवळासमोर नंदी आहे. नंदी शंकराचा. गणपतीपुढे नंदी सहसा कुठे पाहायला मिळत नाही. लोक सांगतात, शंकराच्या देवळाला नेताना गाडा इथे मोडला आणि नंदी उठायलाच तयार होईना. मामा म्हणाले, “जिथं गाडा मोडला तिथं जो पुढं आला, तोच आपला.”

निघायच्या आधी मी आणखी एक रीत करून पाहिली. आर्थर आणि इलेन एरन यांची १९९२ ची सोपी मोजणी. दोन वर्तुळं, एक मी, एक समोरचा. पहिल्या चित्रात ती वेगवेगळी, सातव्यात जवळजवळ एकात एक. तुमचं नातं कोणत्या चित्रात? अक्षरओळख नसली तरी चालतं, म्हणून मला ती आवडते. मामींनी माझी राखेत ओढलेली वर्तुळं पाहिली आणि हातातल्या दोन बांगड्या काढून मातीवर ठेवल्या. एकीवर दुसरी, निम्मी. “ह्ये तुमचं मामा, ही मी.” मग तिसरी काढली आणि दोघींच्या मधोमध ठेवली. “ही सासू. ती असताना आमचं बोलनं तिच्याच मधनं व्हायचं. ती गेली तवा पयल्यांदा मला ह्ये दिसलं.” तिसरी बांगडी त्यांनी उचलली. खालच्या दोन आता एकमेकींवर कशा पडल्यात ते त्या बराच वेळ पाहत राहिल्या. एरनांच्या सातही चित्रांत वर्तुळं दोनच आहेत.

पुण्यात आल्यावर मी माझ्या अहवालांचा साचा बदलला. आधी माणसाचा प्रसंग, त्याच्याच बोलीत, त्याने वापरलेल्या शब्दांत. गटाचं नाव शेवटी, पेन्सिलीनं, आणि पुढच्या भेटीत खोडता येईल अशा बेतानं. माझ्या आईलाही विचारलं, मामांना ताप आला होता त्या रात्रीबद्दल. ती दोन तास बोलली.

मराठीत प्रश्नावल्या उतरवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. वाक्य छापायला देण्याआधी ते एखाद्या गावातल्या ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्या बाईनं कपाळाला आठी घातली तर बदला. ‘अवलंबून’ काढा, ‘आधार’ घाला. ‘आई’च्या शेजारी ‘किंवा ज्यांनी वाढवलं ते’ हे शब्द त्याच ओळीत येऊ द्या. आणि प्रत्येक आकड्याखाली चार ओळी कोऱ्या सोडा, प्रसंगासाठी.